फेसला बोट नको

अक्का यंत्राजवळ गेल्या की आधी दोन्ही हात पाठीमागे घेत आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवत. मग मान पुढे काढून, चष्मा नाकावर नीट बसवून बघत राहत. शेजारच्या माणसाचा हात नकळत पुढे गेलाच, तर त्याच्याकडे न बघता म्हणत, "बोट नको, भाऊ."

हे 'बोट नको' मी इतक्या वेळा ऐकलं आहे की घरी बायकोने श्रीखंडाचं पातेलं पुढे ठेवलं तरी माझा हात क्षणभर थांबतो.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका मक्याच्या कारखान्यात देखभाल विभागात आहे. पारोळा सोडून धुळ्याकडे निघालात की हायवेवरूनच आमची चिमणी दिसते, आणि चिमणीच्या आधी वास येतो. आम्ही मका भिजवतो, दळतो आणि त्यातून स्टार्च काढतो. स्टार्च म्हणजे काय हे पापड करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. गरम असताना दुधासारखं वाहतं आणि जरा गार झालं की खळ होऊन बसतं. त्यात मक्याबरोबर आलेली रेती असते, भिजवणीच्या पाण्यात गंधकाचा आंबटपणा असतो. असला माल रात्रंदिवस ढकलत राहणं हे आमच्या पंपांचं नशीब आणि त्या पंपांचं सील शाबूत ठेवणं हे माझं.

सील म्हणजे काय, हे मी लग्नातसुद्धा लोकांना समजावून सांगतो, तेव्हा तुम्हीही ऐकून घ्या. पंपाचा दांडा बाहेरच्या मोटारीवर फिरतो आणि आत माल असतो. दांडा जिथून आत शिरतो तिथून माल बाहेर यायला बघतो. तो अडवायला दोन कड्या एकमेकींवर टेकवलेल्या असतात. एक दांड्याबरोबर फिरते, दुसरी जागची हलत नाही, आणि मागून बारीक स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. जिथे त्या टेकतात ती बाजू म्हणजे फेस. दोन्ही फेस इतके सपाट हवेत की मध्ये पाण्याचा नावापुरता पापुद्रा राहावा, थेंब नाही. केसाचे उभे शंभर काप केले तरी त्यातला एक काप अक्कांच्या हिशेबात जाड.

हे सपाट करायचं काम अक्का हाताने करत. जळगावच्या एमआयडीसीत, एका जुन्या शेडच्या मागच्या खोलीत. जळगावचं नाव काढलं की लोकांना केळी आठवतात, सोनं आठवतं, भरीत आठवतं. मला ती खोली आठवते.

खोलीच्या बाहेर चपला काढायच्या. आत पंखा नाही, कारण पंखा धूळ उडवतो. जळगावच्या मे महिन्यात पंख्याशिवाय खोलीत बसणं म्हणजे काय ते जळगावकरांनाच माहीत. मध्ये टेबल, टेबलावर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, गोल, जड थाळी. थाळीवर हिऱ्याच्या भुकटीचा लेप लावायचा आणि कडी पालथी ठेवून ती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायची. दहाबारा फेरे झाले की कडी थोडी वळवायची, म्हणजे हाताचा जोर एकाच बाजूला पडत नाही. अक्का मनातल्या मनात फेरे मोजत, आणि मोजताना कोणी बोललं तर पुन्हा एकपासून सुरू करत. शेडच्या मालकालाही हे माहीत होतं. तो दारात उभा राहून मोजणी संपायची वाट बघायचा.

घासून झालं की कडी धुवायची, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने टिपायची आणि पिवळ्या दिव्याखाली ठेवून तिच्यावर एक जाड, गोल काच ठेवायची. काचेतून काळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ आले तर फेस सपाट, वाकडे आले तर पुन्हा थाळी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी इंजिनिअर असूनही तोंडात मारल्यासारखा गप्प झालो होतो, कारण माझ्या डोळ्यांना आरशासारखी दिसणारी कडी त्यांनी दोनदा परत घासायला घेतली. तेव्हा त्यांनी मला त्यांचा मंत्र सांगितला.

"डोया धोका देस, बोट धोका देस. पट्टा धोका देत नही."

त्या मूळच्या चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या. शिक्षण चौथी. शेडमध्ये आल्या त्या झाडलोट करायला आणि माल कागदात गुंडाळायला. तेव्हा या थाळीवर बसणारा एक कारागीर होता, तो चांगल्या पगारावर सुरतेला निघून गेला. मालक डोक्याला हात लावून बसला असताना अक्कांनी विचारलं की मी करून बघू का. मालक हसला. अक्का झाडू ठेवून बसल्या. दोन वर्षं रोज त्या कारागिराच्या खांद्यावरून बघत त्यांनी झाडलोट केली होती, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मन्हा बाप जातासले टाकी लावे," असं त्या मला एकदा म्हणाल्या. वडील गावोगाव फिरून लोकांची जाती छिन्नीने टाकवून देत. दोन दगड एकमेकांवर कसे बसतात हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. फक्त तिथे खरबरीत करायचं असतं आणि इथे गुळगुळीत, एवढाच फरक, असं त्यांचं म्हणणं. मला हा फरक फार मोठा वाटतो, पण वाद घालण्याची माझी पात्रता नव्हती.

तयार झालेला जोड त्या मऊ कपड्यात गुंडाळत, प्लास्टिकच्या डब्यात ठेवत आणि झाकणावर कागद चिकटवून बॉलपेनने लिहीत, 'बोट नको'. चौथीतलं अक्षर, पण ठसठशीत. आमच्या स्टोअरमध्ये परदेशी नावांच्या खोक्यांशेजारी हे डबे दिमाखात बसलेले असत.

आता मी माझा पराक्रम सांगतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला नवा मका यायला लागला होता. हंगाम सुरू होणार म्हणून पाच नंबरच्या पंपासाठी, म्हणजे आमच्या सगळ्यात खडतर जागेसाठी, अक्कांकडून दोन जोड आणले होते. खंडेनवमीला कारखान्यात अवजारांची पूजा असते. पाने, हातोडे, वेल्डिंगचं मशीन, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना झेंडूच्या माळा. मॅनेजर साहेब नारळ फोडतात. मला वाटलं, कारखान्यातली सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात मोलाची वस्तू तर डब्यात झाकून पडली आहे. मी दोन्ही जोड कपड्यातून काढून पाटावर मांडले आणि प्रत्येक फेसला आपल्या हाताने, भक्तिभावाने, कुंकवाचं बोट लावलं. वर अक्षता टाकल्या.

झाकणावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नव्हतं असं नाही. पण पूजेचं बोट हे बोट असतं असं कोणाच्या मनात येतं? तुमच्या आलं असतं का, खरं सांगा.

दुपारी मी मोठ्या कौतुकाने अक्कांना फोन केला. म्हटलं, अक्का, आज तुमच्या सीलची पूजा केली, अगदी मधल्या पाटावर मान दिला. त्या खूश झाल्या असाव्यात, पण लगेच त्यांनी विचारलं, "फेसले बोट ते नही लावं ना?"

मी हसलो. अहो पूजा होती अक्का, असं काहीतरी म्हणालो आणि विषय बदलला. जोड पुसून डब्यात ठेवले ते मीच. नंतर त्यातला एक पंपावर चढला.

दुसऱ्याच दिवशी पाच नंबर गळायला लागला. आधी थेंब, मग धार. पंप बंद केला, लाइन थांबली आणि मागे भिजवलेला मका टाक्यांमध्ये आंबत राहिला. मॅनेजर साहेब खवळले. त्यांना आधीपासूनच हे हाताने घासण्याचं प्रकरण पसंत नव्हतं. ते म्हणाले, एका बाईच्या हातावर आपण कारखाना चालवतो का, पुढच्या वेळेपासून पुण्याच्या मोठ्या कंपनीचा माल मागवा. जळगावच्या मालकाला त्यांनी फोनवर सांगून टाकलं की तुमचं काम बंद. आणि आमचं काम हेच त्या खोलीचं मुख्य काम होतं. मालकाने संध्याकाळी मला फोन केला. त्याचा आवाज पडला होता. म्हणाला की तुमचं काम गेलं तर ती थाळी उचलावी लागेल, अक्कांना पुन्हा पॅकिंगला बसवतो, दुसरं काय करणार.

मी 'बघतो' म्हणून फोन ठेवला. मला तोपर्यंत खरंच कळलं नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगाव-धुळे एसटीतून अक्का आमच्या फाट्यावर उतरल्या. एका पिशवीत लहान बिडाची थाळी आणि दिव्याचं खोकं, दुसऱ्या हातात जेवणाचा स्टीलचा डबा. गेटवरच्या वॉचमनने तपासणीसाठी डबा उघडला, तर आत भाकरीऐवजी लुगड्याच्या घड्यांमध्ये ती गोल काच. त्याने ती उचलायला हात घातला. पुढे काय ऐकायला मिळालं ते तुम्हाला माहीतच आहे. वॉचमन मला नंतर म्हणाला की साहेब, तीस वर्षांत मला गेटवर कोणी असं दरडावलं नव्हतं.

मॅनेजर साहेबांनी दहा मिनिटं दिली. वर्कशॉपमधल्या बाकावर गळका जोड ट्रेमध्ये पडला होता. चारपाच फिटर आजूबाजूला जमले. अक्का हात मागे बांधून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. फेसवर एका बाजूला गोल ओरखडे पडले होते. मग त्यांनी कडी कडांना धरून उचलली, धुतली, टिपली, दिवा लावला आणि जो भाग शाबूत होता त्याच्यावर काच ठेवली.

"मन्हं काम सपाट शे. देखा, साहेब."

साहेब वाकले. पट्टे आखल्यासारखे सरळ होते. ते दिसल्यावर मला आधी आनंद झाला आणि मागोमाग घाम फुटला.

अक्कांनी जोड पालथा केला. मागच्या बाजूला स्प्रिंगांसाठी बारीक खाचा असतात. त्यांनी कोपऱ्यातल्या झाडूची एक काडी मोडून घेतली आणि एकेक खाच कोरायला लागल्या. चौथ्या खाचेतून काहीतरी निघालं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, चष्म्याजवळ नेलं आणि मूठ मिटली. साहेब तेव्हा फोनवर बोलायला दोन पावलं बाजूला गेले होते. अक्कांनी मूठ माझ्यासमोर उघडली. गरम पाण्याने फुगलेला तांदळाचा एक दाणा होता, एका टोकाला अजून लालसर.

"भाऊ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मकाना कारखानामा तांदूय कोठून ऊना?"

एक अक्षता. ती खाचेत पडली, फुगली, तिथली स्प्रिंग अडकली, फेस एका बाजूने उचलला गेला आणि त्या फटीतून रेती आत गेली. कुंकवाचे कण आधीच तिथे होते. हे सगळं मला त्या एका दाण्यात दिसलं, आणि त्यांना तर फोनवरच दिसलं असणार.

साहेब परत आले. म्हणाले, ठीक आहे, सपाट आहे, मग गळलं कशाने? अक्कांनी मूठ पुन्हा मिटून घेतली. समोरच्या तांब्यातून पाणी प्यायल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोटापाण्याची थाळी पणाला लागलेली आणि बाई शांतपणे पाणी पिते आहे, हे मला सहन झालं नाही. माझी त्या वर्षी बढती ठरायची होती आणि साहेब डूख धरणारे होते, हेही त्याच क्षणी डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू.

"साहेब, मी," मी म्हणालो. "पूजेला मी फेसला कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. अक्कांनी विचारलं तेव्हा लपवलं."

मग अक्कांनी मूठ उघडून दाणा बाकावर ठेवला. फिटर लोक एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांनी वाकून तो दाणा बघितला. आता माझे धिंडवडे निघणार म्हणून मी मान खाली घातली. साहेब म्हणाले, "त्या पाटासमोर नारळ मी फोडला होता. तेव्हा मलाही काही वाटलं नाही." आणि त्यांनी अक्कांसाठी खुर्ची मागवली.

अक्का खुर्चीवर बसल्या नाहीत. दुसरा जोड आणा म्हणाल्या. त्यालाही माझा आशीर्वाद मिळालेला होताच. त्यांनी वर्कशॉपचे पंखे बंद करायला लावले आणि दाराकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी चपला-बूट बाहेर काढले. मॅनेजर साहेब मोज्यांवर उभे राहिलेले आमच्या कारखान्याने पहिल्यांदा बघितले.

त्यांनी आमच्या बाकावर थाळी मांडली आणि दोन्ही फेस पुन्हा घासले. दुपार टळेपर्यंत. आठाचा आकडा, पुन्हा आठाचा आकडा, मध्येच वळवणं, धुणं, काच. कोणी बोलत नव्हतं, कारण बोललं तर मोजणी एकपासून सुरू होते हे मी सगळ्यांना दटावून सांगितलं होतं. त्यांच्या मनगटांवर पिवळा उजेड पडला होता आणि बांगड्या त्यांनी वर कोपराकडे सरकवून दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. मी कारखान्यात खूप परदेशी यंत्रं उतरताना बघितली आहेत, त्यांच्याबरोबर सूट घालून आलेले लोक बघितले आहेत. पण आपल्या खात्याचा खरा अभिमान वाटला तो त्या दुपारी.

जोड चढवला. अक्कांनी फिटरला एकदाही बोट लावू दिलं नाही, सगळं कपड्याने. पंप सुरू करायच्या आधी त्यांनी सीलच्या खाली वर्तमानपत्राचा एक कोरडा ताव पसरला आणि शेजारी हात मागे बांधून उभ्या राहिल्या. गरम माल आला. दांडा फिरायला लागला. आम्ही सगळे त्या कागदाकडे बघत होतो. चहा आला, चहा संपला. कागद कोरडा होता. अक्कांनी तो उचलला, घडी घातली आणि पिशवीत टाकला.

मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. माफी मागायची होती. विचारलं फक्त, की तुम्हाला आधीच माहीत होतं, तर साहेबांना सांगितलं का नाही?

"मन्हं काम मी दखाडं," त्या म्हणाल्या. "तुम्हनं तुम्हीन सांगानं व्हतं."

एसटी आली. चढता चढता त्यांनी वळून आणखी एक गोष्ट सांगितली. "पूजा करानी ते डब्बानी करा, भाऊ. फेसले फिरू द्या."

तेव्हापासून आमच्याकडे खंडेनवमीला सीलचे डबे बंदच ठेवतात आणि कुंकू झाकणाला लागतं. नवीन पोरांना वाटतं ही जुनी रीत आहे. पुण्याच्या कंपनीची गोष्ट साहेबांनी पुन्हा काढली नाही. उलट बाहेरून कोणी पाहुणे आले की त्यांना पाच नंबरजवळ नेऊन म्हणायचे, हा अक्कांचा पंप. माझी बढती त्या वर्षी हुकली, पुढच्या वर्षी झाली.

त्या जळगावच्या खोलीत नंतर घासायचं मशीन आलं. अक्का त्याच्यावर रुसल्या नाहीत. दोन पोरींना त्यांनी हाताचं कामही शिकवलं आणि मशीनचंही, पण शेवटची काच त्याच ठेवत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आठ दिवसांत परत आल्या आणि म्हणे पहिल्याच दिवशी मशीनचे तीन फेस परत पाठवले. मालकाकडे मी एकदा गेलो, तर थाळीच्या वर भिंतीला वर्तमानपत्राचा एक ताव काचेत मढवून लावलेला होता. मालक म्हणाला की येणारे सगळे त्यातली बातमी वाचतात आणि हे कशाला लावलं म्हणून विचारतात. अक्का कोणाला उत्तर देत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. चोपड्याकडे गावीच होत्या. मला दोन दिवसांनी कळलं. त्या दिवशी मी पाच नंबरजवळ जाऊन नुसता उभा राहिलो. पंप चालू होता आणि खाली जमीन कोरडी होती.

पावसाळा सरता सरता पाच नंबर आम्ही काढला. सीलमुळे नाही. रेतीने आणि आंबट पाण्याने पंपाचं पोटच झिजून पातळ झालं होतं, ठोकलं तर पत्र्यासारखं वाजत होतं. पंप भंगारात गेला. त्याआधी मी त्यावरचं अक्कांच्या हातचं सील काढून घेतलं, धुतलं, अक्कांनी शिकवल्याप्रमाणे टिपलं आणि जळगावला नेऊन काचेखाली धरलं. त्यांनी शिकवलेल्या पोरींपैकी एकीने दिवा लावला. इतक्या वर्षांची झीज होती, थोडी वाकलेली रेघ कडेला होती. बाकी पट्टे सरळ होते. पोरगी बाजूला झाली आणि मला पुन्हा बघू दिलं.

या खंडेनवमीला मी तो जोड पाटावर ठेवला. डब्यातून काढून, उघडा. आता या फेसला कधी फिरायचं नव्हतं, कुठल्या पंपावर चढायचं नव्हतं. या एका फेसला कुंकू लावलं तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि मानाचा खरा धनी तर तोच होता. फिटर मंडळी मागे उभी होती. मी कुंकवात बोट बुडवलं आणि पुढे नेलं. फेसच्या वर आल्यावर ते थांबलं.

मग शेजारी ठेवलेल्या डब्याच्या झाकणाला, त्या ठसठशीत अक्षरांच्या खाली, कुंकू लावलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.